दंड कोणता हवा?

गणरायाचे आगमन झाले की घरोघरी मांगल्य अवतरते. त्याच दिवसांत एक वादही दरवर्षी हटकून उपस्थित होतो. उत्सवाच्या आवाजावर सरकारने मर्यादा घालावी काय? कुणी म्हणतो, धर्मकार्यात कायद्याचा हस्तक्षेप नको. कुणी म्हणतो, कायद्यावाचून लोक ऐकणारच नाहीत. आमच्या मते दोन्ही पक्षांत अर्धेच सत्य आहे.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकास मनाई केली. पुढे २००२ साली, सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. तेव्हा कायद्याने उत्सवाचे दार बंद केले, असे म्हणता येणार नाही. मात्र मिळालेली सवलत अखेरच्या मिनिटापर्यंत भोगलीच पाहिजे, असे कोणते शास्त्र सांगते?

मंडपालगतच्या घरात कुणी रुग्ण असतो, कुणी तान्हे मूल असते. तक्रार करण्यास तेथील माणसे धजत नाहीत. केलीच तर धर्मद्वेष्टे ठरतात. लोकरीत सदैव न्यायी असतेच असे नाही. अनेकांचा उत्साह एकट्याचे तोंड बंद करू शकतो. त्या एकट्यासाठी कायदा हवाच. परंतु प्रत्येक गल्लीत आवाज मोजावयास पोलीस कोठून आणावेत? आणि आणले, तरी त्यांची पाठ वळताच काय घडते, हे आपण सारे जाणतो.

याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात, मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतात आणि टाळ-मृदंगांचा कल्लोळ क्षणात थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असल्यास तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते आणि मगच आरती होते. हजारो वारकरी मौन पाळतात, ते शिक्षेच्या धाकाने नव्हे. आणि तक्रार करणाऱ्यास तेथे कुणी परका मानीत नाही.

लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून ज्या उत्सवाचा पुरस्कार केला, तो सार्वजनिक, म्हणजे सर्व जनांचा. त्या जनांत आजारी शेजारीही आलाच. दंड दोन प्रकारचे असतात. एक न्यायालयात भरावा लागतो. दुसरा उंचावलेला दिसताच आपण आपण होऊन थांबतो. दुसऱ्याचा मान राहिला, तर पहिल्याची वेळ क्वचितच येईल.

यंदा प्रत्येक मंडळाच्या एका कार्यकर्त्याने आरतीपूर्वी शेजारची चार दारे ठोठावावीत आणि विनयाने विचारावे, “आमचा त्रास होत नाही ना?” हा प्रश्न सरकार आपल्या वतीने विचारू शकत नाही.