नत्र नाल्यात, शेतकरी रांगेत!

विजय नगरच्या मराठी बंधु-भगिनींनो,

सकाळी कचरागाडी येते, आपण ओला-सुका वेगळा टाकतो आणि निश्चिंत होतो. 2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण आमचा सवाल सरळ आहे: पोळी-वरणातून आपल्या पोटात गेलेले नत्र माळव्याच्या शेतात परत जाते का?

हा सवाल करायला इंदूरनेच शिकवले. 1924 साली होळकर दरबाराने दिलेल्या जागेवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी राहिली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, राख आणि गोमूत्रात भिजलेली गोठ्यातली माती यांचे थर रचले, ते तीनदा वरखाली केले आणि तीन महिन्यांत खत तयार केले. काडीकचऱ्यात कर्ब, शेण-मुतात नत्र. दोहोंचे प्रमाण जमले, हवा आणि ओल राखली, की नत्र वाया जात नाही. 1931 साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले, 'इंदूर पद्धत' जगभर गेली. 1934 मध्ये वाडांनी जॅक्सन यांच्यासह हीच पद्धत वस्तीतल्या मैल्यासाठीही मांडली. हॉवर्डसाहेबांचे नाव राहिले. वाडांचे नाव आपल्या मराठी मंडळांत तरी किती जणांना ठाऊक आहे?

आता आजचा हिशेब पाहू. फेब्रुवारी 2022 मध्ये देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला. रोज 550 टन कचरा आणि त्यातून सुमारे 100 टन खत, अशी त्याची क्षमता सांगितली गेली. गॅसमध्ये कर्ब जातो, नत्र खतात उरते. काम चांगलेच आहे. शहरी खतात किमान 0.8 टक्के नत्र धरले, तर दिवसाला 800 किलो, म्हणजे युरियाच्या 38 गोण्या होतात.

आणि ड्रेनेजमधून काय जाते? माणशी वर्षाला 3 किलो नत्र धरा, 2011 च्या जनगणनेची सुमारे 20 लाख वस्ती धरा. दिवसाला 16 टन! जवळजवळ 800 गोण्या! यातले बहुतेक लघवीतले असते. शुद्धीकरण केंद्रात त्यातले काही हवेत उडते, काही गाळात बसते, उरलेले पाण्याबरोबर कान्ह नदीला मिळते. कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते, म्हणून सिंहस्थ आला की तिचे पाणी वळवायला कोट्यवधी खर्च होतात. दुसरीकडे गुण्याजवळच्या विजयपूरला हवेतलेच नत्र गॅस जाळून पुन्हा पकडायचे आणि युरिया करायचा! देशातल्या युरिया कारखान्यांना लागणारा बराचसा गॅस परदेशातून येतो. गोणी स्वस्त मिळते ती आपल्या करातून दिलेल्या अनुदानामुळे. तरीही रब्बीत शेतकरी रांगेत उभाच. विजयपूरला नत्र बनवायचे आणि विजय नगरात नाल्यात सोडायचे, हा कुठला शहाणपणा?

कोणी म्हणेल, मैल्याचे खत नको, रोग पसरतील. काळजी रास्त आहे. म्हणूनच गाळ नीट तापवून, जड धातू तपासून, मगच शेताला द्यावा. आणि हे काम यंत्राने व्हावे. माणसाने मैला उचलण्यावर 1993 आणि 2013 च्या कायद्यांनी बंदी आहे. ती मोडून आम्हाला एक किलोही खत नको.

आमच्या मागण्या तीनच. शहरातले खत आणि गाळ किती निघतो, त्यात नत्र किती आणि ते कोणत्या गावी गेले, हे महानगरपालिकेने दर महिन्याला जाहीर करावे. स्कीम 54 आणि 74 च्या बागांत पालापाचोळा जाळू नये, तिथेच इंदूर पद्धतीने कुजवावा. नव्या मोठ्या इमारतींत लघवी वेगळी गोळा करण्याचा एक तरी प्रयोग व्हावा.

पुढच्या निवडणुकीत पार्षदपदाचा उमेदवार दारी आला, की चहा जरूर पाजा. पण आधी विचारा: भाऊ, आमचे नत्र कुठे जाते? उत्तर नसेल, तर त्याला यशवंत वाडांचे नाव सांगा.