बोळांचें बीजिंग

परदेशच्या शहरांची ओळख आपण बहुधा त्यांच्या राजवाड्यांवरून करून घेतों. बीजिंग म्हटलें कीं निषिद्ध नगरी, स्वर्गमंदिर आणि शहराबाहेरील डोंगरांवरून गेलेली ती प्रचंड भिंत, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु राजाच्या महालावरून प्रजेचा संसार कळत नाहीं. तो कळावयास बोळांतच शिरावें लागतें. बीजिंगमध्यें ह्या बोळांना ‘हूतोंग’ म्हणतात. नांव असलेले बोळ तीन हजार सहाशें आणि बिननांवाचे बैलाच्या अंगावरील केसांइतके, अशी तेथें एक जुनी म्हणच आहे. ह्या महिन्यांत वाचकांनीं आमच्याबरोबर ह्या बोळांतून एक फेरी मारावी.

प्रथम हें सांगावयास हवें कीं हे बोळ आपोआप वाढलेले नसून आंखून काढलेले आहेत. मंगोल बादशहा कुब्लाईखान ह्यानें १२६७ सालीं येथें आपली नवी राजधानी बांधावयास प्रारंभ केला. हमरस्ता चोवीस पावलें रुंद, लहान रस्ता बारा पावलें, आणि बोळ त्याच्याहि निम्मा, असें माप त्या वेळीं ठरलें. चिनी ‘पाऊल’ हें सुमारें पांच फुटांचें असे. १२८५ सालीं जुन्या गांवांतील धनिकांना व अधिकाऱ्यांना नव्या शहरांत घर बांधण्यासाठीं प्रत्येकीं आठ ‘मू’, म्हणजे एक एकराहून थोडी अधिक, जागा देण्याचा हुकूम निघाला. ‘हूतोंग’ हा शब्दहि मूळचा मंगोल असून त्याचा अर्थ ‘विहीर’ असा होता, असें बरेच पंडित मानतात. जेथें पाणी तेथें वस्ती, हें सर्व देशांत सारखेंच!

हे बोळ मुख्यत्वेंकरून पूर्वपश्चिम धांवतात. हिवाळ्यांत उत्तरेकडून येणारा वारा तेथें हाडें गोठवितो. म्हणून घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेच्या उन्हाला, हा नियम. घरें अशीं ओळीनें बसविलीं कीं त्यांच्यामधून जाणारी वाट पूर्वपश्चिमच व्हावयाची. म्हणजे आधीं बोळ आणि मग घर असें नव्हे. घराच्या सोयीनें बोळाची दिशा ठरली. तेव्हां आपणहि आतां घरांत शिरूं.

बाहेरून पाहावें तों करड्या विटांची उंच भिंत. तिला खिडकी बहुधा नाहींच. दरवाजा दक्षिणपूर्व कोपऱ्यांत. त्याच्या दोन्ही अंगांस कोरीव दगड आणि वरच्या पट्टीवर दोन किंवा चार लांकडी खुंट्या. ह्यांवरून घराण्याचा दर्जा ओळखावयाचा. सोयरीक करावयाची तर दोन्ही घरचीं दारें तोलामोलाचीं असावींत, अशा अर्थाचा वाक्प्रचार चिनी भाषेंत आजहि रूढ आहे. दारांतून आंत जातांच समोर एक आडवी भिंत येते. भुतेंखेतें सरळ चालतात, त्यांना वळतां येत नाहीं, अशी त्यामागें समजूत. पण रस्त्यावरील माणसांची नजरहि तिच्यामुळें आंत पोंचत नाहीं, हा उपयोग अधिक खरा.

भिंतीला वळसा घालून पुढें गेलें कीं दुसरें, नक्षीदार दार. त्याच्या आंत परक्या पुरुषानें जावयाचें नाहीं, आणि कुलीन घरच्या मुलीबाळींनीं तें सहसा ओलांडावयाचें नाहीं. आंत चौकोनी अंगण, चारी बाजूंस चार इमारती; आपल्या चौकाच्या वाड्याची आठवण व्हावी अशीच ही रचना. उत्तरेची इमारत दक्षिणाभिमुख, म्हणून तिच्यांत घरांतील वडील मंडळी. पूर्वेच्या सोप्यांत थोरला मुलगा, पश्चिमेच्या सोप्यांत धाकटा. घर मोठें असेल तर अविवाहित मुली अगदीं मागील ओळींत. दक्षिणेकडील खोल्यांचें तोंड उत्तरेला, म्हणून त्यांत ऊन नाहीं; तेथें पाहुणे आणि नोकरचाकर. ज्याचा मान अधिक, त्याच्या खोलींत ऊन अधिक! कुटुंबांतील पायरी इतक्या उघडपणें विटामातींत बांधून काढलेली क्वचितच आढळेल.

चार पिढ्या एका छपराखालीं नांदणें हें तेथें भाग्याचें लक्षण मानीत. लाओ शे ह्या थोर कादंबरीकारानें आपल्या एका मोठ्या कादंबरीला ह्याच अर्थाचें नांव दिलें आहे. तो १८९९ सालीं ‘लहान मेंढवाडा’ अशा अर्थाच्या नांवाच्या बोळांत जन्मला, आणि १९३७ पासून जपान्यांच्या अमलाखालीं सांपडलेल्या बीजिंगची ही कथा त्यानें त्याच बोळांत घडविली. एकाच बोळांतील शेजारी संकटकाळीं कसे वागतात, कोण ताठ उभा राहतो आणि कोण परक्यांच्या चाकरींत शिरतो, हें त्यांत पाहावयास मिळतें.

बोळांच्या नांवांतहि मोठी गंमत आहे. जेथें गाढवांचा बाजार भरे त्या बोळाला गाढवांचें नांव होतें. पुढें सुशिक्षितांना लाज वाटून त्यांनीं उच्चार थोडा बदलला, आणि आतां त्याचा अर्थ ‘विद्वानांचा आदर’ असा होतो. डुकरांच्या बाजाराचा असाच ‘मोत्यांचा बाजार’ झाला. जेथें पूर्वीं नाण्यांचे भाव ठरत, तो एक बोळ एके ठिकाणीं जेमतेम दीड फूट रुंद आहे. समोरून कोणी आलें तर एकानें मागें सरण्यावांचून गत्यंतर नाहीं.

ह्या मुक्या भिंतींमधून पूर्वीं आवाज मात्र पुष्कळ फिरत. न्हावी आपल्या लोखंडी चिमट्याचा झणत्कार करी. धार लावणारा लोखंडी पट्ट्या खुळखुळवी. थंड सरबतवाला पितळेच्या दोन वाट्या एकमेकींवर वाजवी. दुसऱ्या दाराआडच्या बायकांना कोण आला हें बाहेर न डोकावतां कळे. वर आभाळांत पाळीव कबुतरांचे थवे फिरत आणि त्यांच्या शेपटीला बांधलेल्या हलक्या शिट्ट्या वाऱ्यानें घुमत.

परंतु एका कुटुंबासाठीं बांधलेलें घर एका कुटुंबाचें राहिलें नाहीं. १९४९ नंतर कित्येक घरें अनेक बिऱ्हाडांत वांटलीं गेलीं. १९७६ सालीं तांगशानच्या भूकंपानंतर अंगणांत तात्पुरत्या झोंपड्या उभ्या राहिल्या. त्यांचींच पुढें स्वयंपाकघरें झालीं आणि अंगण म्हणजे अंग चोरून जाण्याची वाट उरली. अशा घराला तेथें ‘सरमिसळ अंगण’ म्हणतात. पुष्कळांना घरांत शौचकूप नाहीं. कडाक्याच्या थंडींत, रात्रीं-अपरात्रीं, वृद्धांनाहि बोळांतील सार्वजनिक शौचकूपाकडे जावें लागतें. १९९० पासून जीर्ण घरें पाडून नवीं बांधण्याची मोहीम सुरू झाली आणि तींत बोळच्या बोळ नाहींसे झाले. २००२ सालीं जुन्या शहरांतील पंचवीस भागांच्या रक्षणाचा आराखडा मंजूर झाला. तरीहि पाडापाड अगदींच थांबली नाहीं. जुनें शहर वांचवावें म्हणून १९५० सालीं सरकारी कचेऱ्या तटाबाहेर पश्चिमेस बांधण्याची योजना ल्यांग स्सुछंग ह्या वास्तुपंडितानें मांडली होती. ती नाकारण्यात आली. तो आणि त्याची विदुषी पत्नी लिन हुईयिन हीं ज्या घरांत राहत, त्याच्या पाडकामाविरुद्ध २००९ सालीं मोठी ओरड झाली. २०१२ च्या आरंभीं तें घरहि जमीनदोस्त झालें.

ह्यावर हळहळणें सोपें आहे. पण दूरच्या उंच इमारतींत ज्या आजीबाईला नळाचें पाणी, ऊब आणि स्वतःचें न्हाणीघर मिळालें, तिला जुन्या बोळांतच राहा असें सांगण्याचा अधिकार आपणां प्रेक्षकांना नाहीं. उलट, चाळीस वर्षांचा शेजार एका दिवसांत तुटला म्हणून ती खिडकींत बसून झुरत असेल, तर तेंहि दुःख खोटें नाहीं. ह्या दोहोंमधील वाट वू ल्यांगयोंग ह्या स्थापत्यविशारदानें शोधून पाहिली. ‘ज्यूअर’ नांवाच्या बोळांत त्यानें अंगणाभोंवतीं दोनतीन मजली घरें बांधलीं आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर दिलें. ह्या कामाला १९९२ सालीं जागतिक निवास पारितोषिक मिळालें. परंतु नव्या घरांची किंमत परवडेना, म्हणून मूळच्या कुटुंबांपैकीं बहुतेक तेथें परत येऊं शकलीं नाहींत. अंगण वांचलें, शेजार पांगला.

दुसरीकडे, ‘नानलुओगू’ गल्लींत दुकानें आणि प्रवासी इतके माजले कीं २०१६ सालीं सहलींच्या टोळ्या घेणें बंद करावें लागलें.

म्हणून बोळ राखावयाचा म्हणजे भिंतींना नवा करडा रंग देऊन भागत नाहीं. त्या जुन्या घरांतील सर्वच कांहीं परत यावें असेंहि कोणी म्हणणार नाहीं. उन्हाविना खोली आणि दोन दारांआडची लेक ह्यांना निरोप मिळाला तें चांगलेंच झालें. पण एकाच आभाळाखालीं उघडणारीं चार दारें, आणि कोणाच्या घरीं आज चूल पेटली नाहीं हें न सांगतां कळणारा शेजार, ह्या वस्तु कोणत्याहि शहराला पुन्हां विकत घेतां येत नाहींत. त्या टिकवावयाच्या असतील तर पुरातनाच्या अभिमान्यांनीं आरंभ नक्षीदार दारापासून न करतां नळ आणि न्हाणीघर ह्यांपासून केला पाहिजे. आणि तें झाल्यावर भाडें असें ठेविलें पाहिजे कीं आजीबाईला तेथेंच राहतां यावें.