गणिताचे भय आणि अर्थशास्त्राची वाट

शालान्त परीक्षेत गणिताने ज्यांना रडविले, त्यांची महाविद्यालयाच्या दारात मोठी चमत्कारिक अवस्था होते. कोणता विषय आवडतो हे ते पाहत नाहीत; कोणत्या विषयात गणित नाही, एवढेच पाहतात. आम्हीही त्यांतलेच. प्रवेश-अर्जावर अर्थशास्त्रापुढे केलेली खूण आम्ही दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा पुन्हा केली. आमच्या एका मित्राने मात्र खोडलेली खूण पुन्हा केली नाही. कांदा महागला तरी शेतकरी श्रीमंत का होत नाही, असले प्रश्न वर्गात तोच विचारीत असे! भीतीपायी आवडीचा विषय सोडणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून शाळेतील धाकट्या भावंडांसाठी हे चार शब्द.

अर्थशास्त्रात गणित आहे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. पण आरंभी ते लागते किती? गुणोत्तर, शेकडेवारी, आलेखाचे वाचन आणि सरळ रेषेचा चढउतार. हे सारे शाळेतच होऊन गेलेले असते. समजा, आपल्या खंडेराव मार्केटात एक भाजीवाली 40 रुपये किलो दराने दिवसाला 50 किलो टोमॅटो विकते. दर 30 रुपये करताच खप 70 किलो होतो. म्हणजे दर शेकडा 25 उतरला आणि खप शेकडा 40 वाढला. 40 ला 25 ने भागले की 1.6 येतात, यालाच मागणीची लवचिकता म्हणतात. गल्ला 2000 रुपयांवरून 2100 वर गेला. परंतु जादा वीस किलो माल तिला त्या शंभर रुपयांत मिळेल काय? येथे हिशेब संपतो आणि अर्थशास्त्र सुरू होते.

आम्हांस खरी ठेच लागली ती आलेखापाशी. शाळेत कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या अक्षावर घेण्याची सवय. येथे किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर! हा केवळ परंपरेचा भाग आहे, हे कळेपर्यंत आम्ही स्वतःलाच मंदबुद्धी ठरवून बसलो होतो. एक प्रश्न वेळीच विचारला असता, तर तो मनस्ताप वाचला असता.

ज्यांनी हे शास्त्र घडविले त्यांची दृष्टी पाहण्यासारखी आहे. अल्फ्रेड मार्शल केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1865 साली दुसरे आले होते. तरीही 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात त्यांनी आकृत्या तळटीपांत आणि गणित परिशिष्टात घातले. आपल्याकडे नामदार गोखले यांनी शाळेत गणित शिकविले, अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. 1902 साली सरकारी अंदाजपत्रकातील शिल्लक हे भरभराटीचे लक्षण मानले जात असता, ती शिल्लक प्रजेच्या सुखाची खूण नव्हे, जादा कराची आहे, असे त्यांनी विधिमंडळात मांडले. आकडे सरकारचेच होते. त्यांना विचारलेला प्रश्न गोखल्यांचा होता.

पुढच्या इयत्तांत संख्याशास्त्र व कलनशास्त्र यांच्याशी गाठ पडते, हे लपविण्यात अर्थ नाही. काही विद्यापीठांत या विषयाच्या विशेष अभ्यासक्रमासाठी बारावीला गणित असावे लागते. तेव्हा गणित सोडण्यापूर्वी चौकशी करावी आणि सुटीत आठवी-नववीची जुनी पुस्तके पुन्हा उघडावीत. आम्ही तेच केले. रोज पाच उदाहरणे सोडविली. भय एकदम गेले नाही, पण हळूहळू उतरले.

पालकांसही एक विनंती आहे. ‘तुला गणित जमत नाही’ हे वाक्य घरात सहज उच्चारले जाते आणि मूल ते जन्मभर बाळगते. महागाईचा दर 6 टक्क्यांवरून 4 वर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असे नव्हे; त्या महागच होत असतात, फक्त अधिक सावकाश. घरखर्च चालविणाऱ्या प्रत्येकास हे कळावयास हवे, आणि त्यासाठी कोणी गणिती असण्याची गरज नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आम्ही अनुभवली. मागे वळून पाहिले तेव्हा तेथे राक्षस नव्हता. शेकडेवारीचा एक कच्चा राहिलेला धडा होता.