पाण्याची वाट पायाखालून जावी

वऱ्हाडात पाण्याविषयी बोलणारे लोक पुष्कळ आहेत. ते पाणी येते कोठून हे डोळ्यांनी पाहिलेले फार थोडे. नळाला पाणी उशिरा आले किंवा कमी दाबाने आले की अमरावती-अकोल्याचा सुशिक्षित नागरिक व्यवस्थेला दोष देतो, आणि तो दोष पुष्कळदा रास्तही असतो. परंतु ज्या जलाशयातून ते पाणी निघाले त्याची पातळी आज किती आहे, त्याच्या पाणलोटात कोणती गावे व कोणते रान आहे, कालव्याच्या शेवटच्या टोकाला कोण वाट पाहत बसले आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. गहू घेताना दाणा दाताखाली धरून पाहणारा माणूस पाण्याच्या बाबतीत मात्र तोटीच्या पलीकडे पाहत नाही. आपल्या परिसरातील तलाव व धरणे पायी किंवा सायकलीने पाहत हिंडणे हा आजवर काही हौशी मंडळींचा छंद समजला गेला. या छंदाला नागरिकत्वाच्या शिक्षणात स्थान मिळावे, असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे अज्ञान फार जुने नाही. अमरावतीचे वडाळी व छत्री हे दोन्ही तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले. ज्या तलावाचे पाणी प्यायचे तो संध्याकाळी फिरायला जाण्याच्या अंतरावर होता. पाणी आटू लागले की ते कोणी सांगावे लागत नसे. काठ किती उघडा पडला हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. त्याही आधीच्या काळात गाविलगड व नरनाळा या किल्ल्यांवर माणसे टिकली ती तेथल्या तटाइतकीच तेथल्या तलावांच्या बळावर. पुढे शहरे वाढली, जवळचे तलाव अपुरे पडले आणि पाणी दूरवरून आणणे भाग झाले. आज अमरावती पितो ते मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथे वर्धा नदीवर बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी. अकोला पितो ते महान येथील काटेपूर्णा धरणाचे. ही प्रगतीच होय, आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तथापि पाणी जसजसे दूर गेले तसतसे ते नजरेआड झाले, आणि नजरेआड झालेल्या वस्तूची काळजी वाहण्याचे काम आपण सहजच कोणा अधिकाऱ्यावर सोपवून मोकळे झालो.

कोणी विचारील की धरण पाहायचे तर मोटारीने जाऊन तासाभरात पाहून येता येते. त्यासाठी पाय किंवा सायकल कशाला? याचे उत्तर भूगोलात आहे. पाणी उताराने वाहते, आणि उतार मोटारीत बसलेल्याला कळत नाही. सायकल चालविणाऱ्याच्या पोटऱ्यांना मात्र प्रत्येक चढ आणि प्रत्येक उतार कळतो. ‘पाणलोट क्षेत्र’ हा शब्द पाठ्यपुस्तकात दहा वेळा वाचून जो समजत नाही तो अशा एका प्रवासात समजतो. अमरावतीहून मोर्शीमार्गे सिंभोऱ्याला जाणारा रस्ता या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. अमरावती शहरावर पडलेला पाऊस अंबा नाल्यातून पेढीत, पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि अखेर अरबी समुद्रास मिळतो. वर्धेचे पाणी मात्र प्राणहितेच्या द्वारे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हणजे या वाटेवर कोठेतरी आपण दोन समुद्रांमधला जलविभाजक ओलांडीत असतो. जे पाणी पूर्वेच्या समुद्राकडे जायचे ते उचलून अमरावतीकर पितात आणि वापरून झाल्यावर पश्चिमेच्या समुद्राकडे सोडून देतात. निसर्गाची एवढी मोठी उलथापालथ आपल्या रोजच्या तांब्याभर पाण्यामागे आहे, हे ज्याने पन्नासाहून अधिक किलोमीटर सायकल मारून अनुभवले तो नळ उघडा टाकताना एकदा तरी थबकेल.

अकोल्याची वाट निराळा धडा शिकविते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारट आहे. विहीर खोदूनही तहान भागत नाही. त्यामुळे या गावांचे जीवन दूरच्या धरणांतून येणाऱ्या वाहिन्यांवर टांगलेले असते. काटेपूर्णेच्या जलाशयावर अकोला शहराबरोबरच खांबोरा योजनेतील ६४ गावांची नजर असते. या पट्ट्यातील रस्त्याने सायकल घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याने एखाद्या गावातील विहिरीचे पाणी नुसते जिभेवर ठेवून पाहावे, आणि मग महानच्या धरणाच्या भिंतीवर उभे राहावे. शहराला मिळणारे पाणी कोणाच्या वाट्याशेजारचे आहे, हे समजण्यास त्याला दुसऱ्या व्याख्यानाची गरज पडणार नाही. हिवाळ्यात याच जलाशयावर येणारे चक्रवाक पक्षी पाहायला मिळतील तो लाभ वेगळाच.

मोठ्या धरणांइतकेच लक्ष आपल्या पाझर तलावांनाही द्यावयास हवे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्री-पुरुषांनी माती वाहिली. गावोगावचे कितीतरी पाझर तलाव त्या घामाचे फळ आहेत. मार्च महिन्यात असा तलाव कोरडा दिसला की शहरी प्रेक्षक ‘पैसा वाया गेला’ म्हणून मोकळा होतो. वस्तुतः पाझर तलावाचे पाणी मुरण्यासाठीच अडविलेले असते. ते गेले कोठे हे पाहायचे असेल तर बांधाखालच्या विहिरीत डोकवावे लागते आणि त्या शेतकऱ्याशी चार शब्द बोलावे लागतात. तलाव खरोखर निकामी असेल, गाळाने भरला असेल किंवा बांध गळत असेल, तर तेही तोच सांगेल. धावत्या वाहनाच्या काचेतून केलेला निवाडा आणि थांबून, विचारून केलेला निवाडा यांत हा फरक आहे.

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह या दोन कल्पनांची गल्लत करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांना एकच जलाशय वर्षातून तीनदा दाखवावा: पावसाळा संपता संपता, माघात आणि पुन्हा वैशाखात. पहिल्या भेटीत साठा दिसतो. दुसऱ्या भेटीत कालव्यातून व नळवाहिनीतून चाललेला प्रवाह दिसतो. तिसऱ्या भेटीत पारा ४५ अंशांच्या घरात असताना उन्हाने नेलेला वाटा, तळाला साचलेली काळी माती आणि उरलेल्या पाण्यावर हक्क सांगणारे अनेक जण एकदमच दिसतात. टंचाई म्हणजे काय आणि वाटपाचा प्रश्न कसा निर्माण होतो, हे याहून स्वच्छ कोणता फळा दाखवील?

आणि हे वाटपाचे प्रश्न कल्पित नाहीत. नांदगाव पेठ येथील औष्णिक वीज प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धाचे पाणी देण्यावरून २०१० च्या सुमारास मोठा वाद झाला. वान धरणाचे पाणी अन्यत्र नेण्यास तेल्हारा-अकोट भागातील शेतकऱ्यांनी कसून विरोध केला. सिंचनाच्या अनुशेषाची मोजदाद वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली केली, आणि आज चार दशके उलटल्यावरही पश्चिम विदर्भात तो शब्द प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो. उद्योग, शहर आणि शेत या तिघांमध्ये न्याय करायचा तर मत देणाऱ्याला निदान विषय माहीत असावा लागतो. ज्याने कालव्याचे कोरडे टोक पाहिले नाही तो शहराची बाजू घेईल. ज्याने खारपाणपट्ट्यातील रिकाम्या घागरी पाहिल्या नाहीत तो पाणी देऊच नका म्हणेल. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक, आणि दोघेही अर्धवट.

या सूचनेवर आक्षेप घेतले जातील, आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. तलावांत तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, आणि काठाच्या चिकट काळ्या गाळात पाय रुतला तर पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. म्हणून पाण्यात उतरायचे नाही हा नियम पहिला. पाहणे काठावरून व्हावे, आणि तेही समूहाने. काटेपूर्णेभोवती अभयारण्य आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीने व घालून दिलेल्या वाटेनेच जावे. दुसरा आक्षेप असा की लोक गेले की कचरा जातो. हे खरे आहे. पण ज्या मातीत गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला तेथे या आक्षेपापुढे हात टेकणे शोभत नाही. २०१८ साली अकोल्यातील हजारो नागरिक मोर्णा नदी स्वच्छ करण्यासाठी पात्रात उतरले होते. पाण्याजवळ गेलेला माणूस ते घाणच करतो असे नाही. मात्र एक दिवसाच्या उत्साहापेक्षा वर्षभराची ये-जा अधिक उपयोगी, हा धडाही त्याच मोर्णेने दिला आहे.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. पदवी अभ्यासक्रमात पर्यावरणाचा विषय आहे. त्याचा प्रकल्प दुकानातून आणलेल्या मजकुरावर उरकण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावचा एक तलाव चालत किंवा सायकलीने जाऊन तीन वेळा पाहावा आणि चार पाने स्वतःच्या हाताने लिहावीत. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आहे. शरीरशिक्षणाची ही परंपरा तलावाच्या वाटेकडे वळविणे अवघड नाही. विद्यार्थिनींच्या तुकड्यांबरोबर शिक्षिका असाव्यात, म्हणजे घरच्यांना नकार देण्याचे कारण उरणार नाही. जलसंपदा विभागाने धरणे पाहण्यासाठी महिन्यातील एखादा दिवस शाळा-महाविद्यालयांना नेमून द्यावा. महापालिकांनी शहरातील मुख्य चौकांत आपल्या जलाशयातील आजचा साठा ठळक अक्षरांत लिहावा. आणि वडाळी, छत्री यांसारख्या तलावांच्या सुशोभीकरणाचे बेत आखताना, तलावाला पाणी आणून देणारे नाले मोकळे राहतात की बुजतात, हे दिव्यांच्या व कारंज्यांच्या आधी पाहिले जावे.

दिवाळीनंतरचे दिवस यासाठी उत्तम. पावसाने दिलेले दान तेव्हा जलाशयात पुरते दिसते, ऊन सौम्य असते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो. शिक्षकांनी व कचेरीत काम करणाऱ्यांनी एखादा रविवार काढावा, मुलांना बरोबर घ्यावे आणि आपल्या घरी येणाऱ्या पाण्याची वाट उलट दिशेने चालून पाहावी. ती वाट ठाऊक असलेली हजार माणसे एखाद्या शहरात असली, तर त्या शहराच्या पाण्याचा निर्णय बंद दाराआड घेणे कोणालाही तितकेसे सोपे राहणार नाही.