बोअरचे पाणी आणि बाळाची बाटली

आमचे घर श्रीरामपूर तालुक्यात, कालव्याच्या पट्ट्यात. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी या शिवारात खेळू लागले. तेव्हापासून ऊस आला, ऊस आला तसा युरियाही आला. घरामागे बोअर आहे, त्याला बारमाही पाणी. स्वच्छ, थंड आणि चवीला गोड. पाहुणे तांब्याभर पाणी पिऊन तारीफ करतात. या पाण्याविषयी कधी लिहावे लागेल असे आम्हांला वाटले नव्हते.

मागच्या वर्षी थोरली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. नवासा दोन महिन्यांचा झाला आणि तिला टायफॉइडने गाठले. दूध कमी पडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी काही दिवस डब्याची पावडर द्यायला सांगितली. जाता जाता त्यांनी विचारले, "पाणी कुठले वापरणार?" आम्ही म्हणालो, "बोअरचे, पण चांगले उकळून." ते म्हणाले, "आधी नायट्रेट तपासून घ्या. तोवर बाळाला हे पाणी नको."

अम्मींना हे अजिबात पटले नाही. "सात लेकरं याच मातीतल्या पाण्यावर वाढली. उकळल्यावर त्यात काय राहतं?" खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते.

उकळण्याने जंतू मरतात, हे खरे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो तीही जंतूंसाठीच. पण नायट्रेट हा जंतू नाही, तो पाण्यात विरघळलेला क्षार आहे. खतातून, उकिरड्यातून, गोठ्यातून आणि संडासाच्या शोषखड्ड्यातून झिरपत तो खाली उतरतो. रस्सा आटला की मीठ जास्त लागते ना, तसेच इथे होते. पाणी वाफ होऊन जाते, नायट्रेट पातेल्यातच राहते. म्हणजे जितके जास्त उकळाल तितके त्याचे प्रमाण वाढते. फडक्याने गाळून किंवा तुरटी फिरवूनही ते निघत नाही.

मोठ्या माणसाला थोड्या जास्त नायट्रेटने लगेच काही जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे वेगळे असते. नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असे बदलते की त्याला प्राणवायू पोचवता येत नाही. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी अशी बाळे पाहिली आणि कारण शोधत ते शेतावरच्या विहिरींपर्यंत पोचले. त्याच विहिरींच्या पाण्यात बाळांचे दूध कालवले जात होते. आईच्या दुधातून मात्र हा धोका तसा येत नाही. म्हणून जिथे बाळाला बाटली लावावी लागते, तिथेच पाण्याचा प्रश्न उभा राहतो.

लहानपणी मकतबमध्ये आपण सगळेच शिकलो की नापाकी पडल्याने पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला तर ते पाक राहत नाही. नायट्रेट या तिन्हींत कुठेच दिसत नाही. अम्मींची मुख्य काळजी हीच होती की "मग वुजूचं काय?" वुजूला, आंघोळीला, कपड्यांना हे पाणी बेशक चालते. प्रश्न फक्त पोटात जाण्याचा आहे.

तपासणी करायची ठरली, आणि पहिलाच नमुना आम्ही चुकवला. मुलाने गच्चीवरच्या टाकीच्या नळातून, सरबताच्या जुन्या बाटलीत पाणी भरले आणि दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत फिरवले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी बाटली हुंगून परत दिली. मग त्यांनी नीट समजावले. मोटार पाच-दहा मिनिटे चालू द्यायची, म्हणजे पाइपातले साचलेले पाणी निघून जाते. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची आणि काठोकाठ भरायची. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि बोअरची खोली लिहायची. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. जंतूंची तपासणीही हवी असेल तर त्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागते. ती विसळायची नाही आणि तिच्यात वर थोडी जागा सोडायची.

"सगळं तपासा" असे सांगून भागत नाही, हेही तिथेच कळले. प्रयोगशाळा जे मागाल तेच शोधते. नायट्रेटसाठी पाण्याच्या नमुन्यातून अतिनील किरण सोडतात आणि किती शोषले गेले ते यंत्रावर मोजतात. शिसे, आर्सेनिक यांचे यंत्र वेगळे असते आणि त्या नमुन्यात आधीच आम्ल घालावे लागते. फवारणीच्या औषधांचे अंश शोधणे त्याहून खर्चिक, ते तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेचे काम नव्हे. म्हणून आपल्या आसपास काय आहे ते आधी पाहावे. आमच्याकडे ऊस, शेण आणि शोषखड्डा, म्हणून आम्ही नायट्रेट, क्षार, क्लोराइड आणि जंतू एवढेच मागितले.

अहवाल आला. नायट्रेटसमोर १४ लिहिले होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, एवढे आम्ही विचारून ठेवले होते. १४ कुठे आणि ४५ कुठे! अम्मींनी शेजारी मिठाई पाठवली. आम्ही पातेले गॅसवर चढवले.

संध्याकाळी पुतण्या आला. तो शाळेत विज्ञान शिकवतो. अहवाल हातात घेऊन तो म्हणाला, "चाचा, इथे नायट्रेट नाही लिहिलेलं. नायट्रेट-नायट्रोजन लिहिलंय." ती बारीक अक्षरे आम्ही वाचलीच नव्हती. काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेट मोजून लिहितात, काही त्यातला फक्त नायट्रोजन लिहितात. दुसऱ्या प्रकारात आकड्याला ४.४३ ने गुणावे लागते. १४ चे झाले ६२. नायट्रोजन म्हणून पाहिले तर मर्यादा ४५ नव्हे, जेमतेम १० असते. चूक प्रयोगशाळेची नव्हती, वाचणाऱ्यांची होती. एकाच शब्दाचा फरक, पण त्या रात्री बाळाची बाटली त्याच पाण्यात कालवली जाणार होती.

हे फक्त आमच्या अंगणातले नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित असे देशातले १५ जिल्हे दिले आहेत, त्यांत सात महाराष्ट्रातले. त्या सातांत बीड आहे, म्हणजे आपल्या पाथर्डी-जामखेडच्या शेजारचा मुलूख. आपल्याकडचा शेतकरी उसासाठी, कांद्यासाठी माती घेऊन राहुरीच्या कृषी विद्यापीठात जातो, त्यात काही नवल वाटत नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन निघालो तर लोक विचारतात, "घरात कोणी आजारी आहे का?"

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासण्याचे किट वापरायला शिकवण्याची योजना आहे. किटमध्ये रंग जुळवून अंदाज मिळतो. पक्का आकडा हवा असेल तर पाण्याच्या शासकीय प्रयोगशाळेत सामान्य माणसालाही थोड्या शुल्कात नमुना देता येतो. अंगणवाडी सेविकेला किंवा जलसुरक्षकाला विचारले तर वाट कळते. किट कपाटात कुलूपबंद असेल तर भगिनींनी ते उघडायला लावावे. आमच्या गल्लीत तसे करावे लागले.

नवाशाला त्या रात्रीपासून आरओचे पाणी दिले. आरओने नायट्रेट बरेच कमी होते, पण जुन्या जाळीवर भरवसा नको म्हणून त्या पाण्याचाही नमुना दिला. तो नायट्रेट धरून ९ आला, यावेळी शब्द दोनदा वाचला. बकऱ्यांचा गोठा आणि उकिरडा बोअरपासून लांब हलवला आहे. शोषखड्ड्याचे काम पैशांअभावी अडले आहे. जमिनीतले नायट्रेट काही महिन्यांत जात नाही, म्हणून पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना देणार आहोत.

या आठवड्यात शेजारच्या सुनेने, तिच्याही घरात दीड महिन्याचे बाळ आहे, पाण्याची बाटली आणून दिली. थंड पेयाची होती. अम्मींनी ती हुंगली आणि परत पाठवली.