आजी गेली कुठे?

परवाच्या चवथीला मूळ घरी सगळे जमलो, तेव्हा परदेशातल्या पुतण्याने इंटरनेटवरचा आमचा वंशवृक्ष उघडून दाखवला. बारा पिढ्या! कौतुक वाटले. थोरली काकी चष्मा लावून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "ह्यात माझी सासू कुठे आहे?"

सासू, म्हणजे माझी आजी, नव्हतीच. आजोबांची पहिली पत्नी बाळंतपणात गेली. आजी दुसरेपणावर आली. झाडावर मात्र आजीची पाचही मुले त्या पहिलीच्या नावावर. "पण आणखी चार झाडांवर असंच आहे," पुतण्या म्हणाला. अरे, चौघांनी एकाचेच उतरवून घेतले तर साक्षीदार एकच, आणि त्यानेही काही पाहिलेले नाही!

आपल्याकडे अशा चुकांना रान मोकळे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत. विष्णूचा रामचंद्र, रामचंद्राचा विष्णू. साल न बघता जोडले की आजोबा आणि नातू एकच माणूस होतो, मधला बाप गडप. लग्नात मुलीचे नाव बदलते, म्हणून तीच बाई माहेरच्या झाडावर कुमारिका आणि सासरच्या झाडावर बिनमाहेरची. गावाला 'कर' लावून झालेल्या आडनावाची सगळी घरे एका रक्ताची समजणारेही आहेत. पोर्तुगीज कागदांतला 'एक्स' म्हणजे आपला 'श'. तो इंग्रजीच्या सवयीने वाचून शाबाचा झाबा होतो.

मूळ गावाची तर गंमतच. आमचे लिहिले होते म्हार्दोळ, कारण कुलदेवता म्हाळसा. पण देवी सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांनी देवळे पाडली त्या काळात, वेर्ण्याहून तिथे आली. तशीच शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला. देवाने आसरा घेतला ते गाव आपोआप आपले मूळ गाव कसे होईल?

पुतण्याच्या हौसेला मी नावे ठेवत नाही. त्याच्याएवढी खटपट आमच्यापैकी कोणी केली नाही. पण आधी घरातली म्हातारी माणसे, मग जन्म-लग्नाच्या नोंदी, देवस्थानातली महाजनांची यादी, पणजीचे पुराभिलेखागार, आणि हाती काही लागले नाही तर चौकट रिकामी, एवढे पथ्य पाळायला काय हरकत? बारांपैकी वरच्या सात पिढ्यांना कसलाच कागद नव्हता. त्या काढायला तो तयार होईना.

आजीचे नाव मात्र त्याने काकीला विचारून त्याच रात्री घातले. बाकीच्या चार झाडांवर ती अजून नाही. त्यांना पत्रे लिहिली आहेत. एकाचेच उत्तर आले. त्याने पुरावा मागितला आहे.