नेम कोणाचा?

मिरा-भाईंदरच्या गृहसंकुलांत सायंकाळीं जिन्याच्या पायऱ्यांवर चारचार मुलें मोबाईलमध्यें मान घालून बंदुकीचे खेळ खेळतांना दिसतात. पालकवर्ग रागावतो, मुलें म्हणतात, ‘आम्ही नेम धरावयास शिकत आहों.’ या वादांत खरें कोणाचें, याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

खेळांतील नेमाचे कांहीं नियम विचारपूर्वक केलेले असतात, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळांत धांवतां धांवतां गोळी झाडली तर ती भलतीकडे जाते. थांबून एकेक झाडली तर लक्ष्यावर बसते. २०२१ सालीं भारतांत आलेल्या ‘बीजीएमआय’मध्यें पालथें पडून गोळ्या झाडल्यास बंदुकीची उसळी कमी होते. उतावळेपणास शिक्षा व संयमास बक्षीस, हा धडा वाईट कोण म्हणेल?

परंतु तेथील नेम सर्वस्वीं मुलाचा नसतो. डोळ्यांची व बोटांची चपळाई त्याची असते खरी. पण खरी बंदूक न्यूटनच्या तिसऱ्या नियमानें खांद्यास धक्का देते, तर खेळांतील उसळी खेळ रचणाऱ्यानें ठरविलेली असते. गोळी किती फांकावी, हें संगणक ठराविक मर्यादेंत जणू फांसे टाकून ठरवितो. कित्येक खेळांत शत्रू दिसतांच नेम आपोआप त्याच्याकडे ओढला जातो. श्वास रोखणें म्हणजे तर एक कळ दाबणें!

आतां कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचें उदाहरण घ्या. रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत असतां त्यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफल प्रकारांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें. गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून, अशा तिन्ही स्थितींत नेम साधावा लागतो; आणि लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. तेथें स्वतःच्या नाडीचा ठोकाही आड येतो, आणि साहाय्यास कोणी येत नाहीं.

आमचें मत असें कीं, मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वीं पालकांनीं मुलास एक प्रश्न विचारावा: ‘धांवतांना तुझी गोळी कां चुकली?’ उत्तर आलें, तर तेथून पदार्थविज्ञानाचा व संभाव्यतेचा पाठ आरंभितां येईल. न आलें, तर खेळच त्याला खेळवीत आहे असें समजावें. विद्यार्थिबंधुभगिनींनीं खेळ अवश्य खेळावा, पण वेळ ठरवून. आणि यंत्रानें दिलेल्या नेमास आपल्या हाताचें कसब समजूं नये.